तिसऱ्या हाफला वेळ ठेव

चि. कार्यकर्तीस,
सप्रेम आशीर्वाद.

दोन्ही वस्त्यांतल्या पोरापोरींना एकत्र खेळवायचा तुझा आराखडा वाचला. जर्सी आहेत, करंडक आहे, उद्घाटनाला नगरसेवक आहेत. सामन्यानंतर बोलायला मात्र पाच मिनिटंही नाहीत, आणि घोडं तिथेच पेंड खातं. नुसत्या सामन्याने भांडण मिटत नाही. उलट रेफ्रीच्या एका शिट्टीवरून जुनं वैर नव्याने पेटतं.

1994 च्या विश्वचषकात ज्याच्याकडून स्वयंगोल झाला, त्या आंद्रेस एस्कोबारचा कोलंबियात परतल्यावर मेडेयीन शहरात खून झाला. त्याच शहरात 1996 मध्ये टोळ्यांच्या वस्त्यांत वेगळा फुटबॉल सुरू झाला. रेफ्री नाही, संघ मिश्र, आणि पहिला गोल मुलीचाच. त्यातूनच 'फुटबॉल-थ्री' घडलं: आधी नियम ठरवायचे, मग खेळायचं, मग बोलायचं. नागपूरची स्लम सॉकर संस्थाही ही पद्धत वापरते.

पाच-पाच जणांचे संघ कर, प्रत्येकात किमान दोन मुली. मैदान 30 बाय 20 मीटर पुरे. 8 ते 12 वयाला चार नंबरचा चेंडू. पहिली 10 मिनिटं नियमांना. तीनच ठरवा, पण डोळ्यांना दिसतील असे. 'आदर राखू' हा नियम नव्हे. 'समोरचा पडला तर हात देऊन उठवू' हा नियम. मग सात-सात मिनिटांचे दोन हाफ. शेवटची 15 मिनिटं, म्हणजे तिसरा हाफ, संघ मिसळून रिंगणात बसवायचे आणि झालेल्या खेळावर बोलायचं. विजयाला 3 गुण, बरोबरीला 2, हरल्यास 1. नियम पाळल्याचे वेगळे 3 पर्यंत, आणि ते समोरच्या संघाने द्यायचे. म्हणजे सामना हरलेला संघ 4 गुण घेऊन 3 वाल्याच्या पुढे जाऊ शकतो. हे कळलं की पोरं नियम ठरवतानाच कान टवकारतात.

दोन-तीन सामन्यांत साटंलोटं सुरू होईल: तुम्ही आम्हाला तीन द्या, आम्ही तुम्हाला तीन. म्हणून प्रत्येक गुणामागे सामन्यातला एक प्रसंग माग. रेफ्रीऐवजी मध्यस्थ दोन हवेत, त्यातली एक बाई. त्यांनी बाहेरून बघायचं, टिपून ठेवायचं, शेवटी प्रश्न विचारायचे. मध्यस्थाचं प्रवचन सुरू झालं की पोरं गप्प होतात, खेळ तिथेच संपतो.

मुलीच्या पहिल्या गोलाचा नियम डोळे झाकून उचलू नकोस. मुलगे एकीला गोलसमोर उभी करतात, चेंडू तिच्या पायावर टाकतात आणि पुढे तिला विसरतात. नियम पाळला जातो, ती मात्र खेळतच नाही. आधी चार-सहा आठवडे मुलींचा सराव वेगळा घे. चेंडू पायात बसला की मगच मिश्र संघ. हा नियम ठेवायचा की काढायचा, हेही दर महिन्याला मुलींनाच, मुलगे नसताना, विचार.

मुली गळतात त्या बहुतेक मैदानाबाहेरच्या कारणांनी. पाणी भरायची वेळ टाळ. अंधार पडायच्या तासभर आधी संपव. शौचालय आणि कपडे बदलायला आडोसा नसेल तर मैदान बदल. धाकटं भावंड कडेवर घेऊन येणारीला परत पाठवू नकोस, ते सांभाळायला कुणीतरी बसव. डोकं झाकून खेळायला फिफानेही 2014 मध्ये परवानगी दिली आहे, तेव्हा तिथे तू आडवी येऊ नकोस. आणि मैदान एकाच वस्तीच्या हद्दीत असेल तर सामने आलटूनपालटून दोन्हीकडे घे.

नगरसेवकांना बोलवायचंच असेल तर तिसऱ्या हाफला बोलव. खुर्ची नको, रिंगणातच बसव.

कळावे,
तुझा हितचिंतक