स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाचे स्नायू झिजत चालले आहेत. त्याला वजने उचलण्याचा व्यायाम द्यावा का?

तुम्ही लिहिले आहे की तुमचा भाऊ ५२ वर्षांचा असून त्याला २७ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे, त्यावरचे ओलान्झापिन हे औषध नियमित चालू आहे, वजन ७८ किलो आहे आणि तरीही मांड्या बारीक होऊन जमिनीवरून उठताना त्याला कशाचा तरी आधार लागतो. घरचे म्हणतात, रोज फिरायला नेले की पुरे. तुमची शंका अशी की वजने उचलून आजार बळावणार तर नाही ना, आणि घरात डंबेल ठेवणे कितपत सुरक्षित. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली अकरा वर्षे आठवड्यातून दोन दिवस मानसिक आजार असलेल्यांच्या एका डे-केअर केंद्रात जाते. माझे मत असे की त्याला ताकदीचा व्यायाम जरूर द्यावा. नुसत्या फिरण्याने तो जमिनीवरून उठू लागणार नाही.

अशा घरांत सगळ्यांचे लक्ष वजनाच्या काट्याकडे असते आणि तिथेच फसगत होते. ओलान्झापिनने भूक वाढते, चरबी वाढते, आणि त्या चरबीखाली स्नायू कमी होत असल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याची कारणे अनेक असतात: औषधांची गुंगी, दिवसाचे कित्येक तास अंथरुणात, चहा-बिस्किटांवर निभावलेली सकाळ, विडी-सिगारेट. रिस्पेरिडोनसारख्या काही औषधांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन कमी होऊ शकते, तर हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी अंग ताठरते. याखेरीज काहीही करावेसे न वाटणे हे या आजाराचेच लक्षण आहे. त्याला घरात 'आळस' म्हणतात, आणि एकदा तो शब्द रूढ झाला की मदत करण्याची कोणाला गरज वाटेनाशी होते. हे वाचून गोळ्या मात्र परस्पर बंद किंवा कमी करू नका. औषध बदलायचे की नाही हे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील.

स्नायूंच्या या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली तिच्यासाठी जे निकष दिले, त्यांतला एक घरीच तपासता येतो. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर त्याला बसवा, हाताची घडी छातीवर घालायला सांगा आणि पाच वेळा पूर्ण उठून बसायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर स्नायूंची कार्यक्षमता घटली आहे असे मानतात. त्याच निकषांत हाताच्या पकडीसाठी पुरुषांत २८ किलो आणि स्त्रियांत १८ किलो ही सीमा होती, पण त्यासाठी उपकरण लागते. मला स्वतःला या आकड्यांइतकेच दोन घरगुती प्रश्न उपयोगी वाटतात: उकिडवे बसून उठताना तो नळ धरतो का, आणि जिना चढताना कठडा नुसता धरतो की हाताने स्वतःला वर ओढतो?

व्यायामाआधी डॉक्टरांकडून रक्तातील साखर, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचे कार्य आणि आडवे असताना व उभे राहिल्यावरचा रक्तदाब तपासून घ्या. अशक्तपणा अचानक आला असेल किंवा एकाच बाजूला असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

आता चालण्याविषयी. चालणे हृदयाला आणि साखरेला चांगले आहे, ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूंवर इतका थोडा भार येतो की त्यांना वाढण्याचे कारणच मिळत नाही. उशीर झाला आहे का, ही शंका मनात असेल तर एक जुना प्रयोग सांगते. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या, संस्थेत राहणाऱ्या दहा वृद्धांना आठ आठवडे मांड्यांचा भारी वजनांचा व्यायाम दिला. तो पूर्ण केलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ते मनोरुग्ण नव्हते हे खरे, पण नव्वदीतला स्नायू जर भाराला असा प्रतिसाद देतो, तर बावन्नाव्या वर्षी हात टेकण्याचे कारण नाही.

सुरुवात आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती ठेवून, आणि चारच हालचालींनी करा: खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, कट्टा धरून टाचा उचलणे आणि रबरी पट्टा पोटाकडे ओढणे. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट पडले पाहिजेत, पण श्वास कोंडता कामा नये. बारा वेळा सहज होऊ लागले की भार वाढवा. उठबस करताना छातीशी दोन किलोची पिठाची पिशवी धरली तरी चालते. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद ही मुख्यतः मज्जातंतू आणि स्नायू यांचा मेळ सुधारल्याने येते, त्यामुळे मांडीला टेप लावून निराश होऊ नका.

आमच्या केंद्रात एक गृहस्थ सातव्या उठबशीला नेमके थांबत. मी आठ, नऊ, दहा म्हणत राही आणि ते खुर्चीच्या कडेवर हात ठेवून नुसते पाहत. दोन आठवड्यांनी त्यांनी हळूच सांगितले की त्यांना ऐकू येणारा आवाज आठ म्हणू देत नाही. मग आम्ही सात-सातचे तीन सेट ठरवले. एकूण एकवीस झाल्या, म्हणजे मी मागत होते त्याच्या दुप्पट.

माझ्या चुकाही सांगते. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला दहा व्यायामांचा छापील कागद घरी दिला. महिन्याने विचारले तेव्हा तो कागद कुठे आहे हेच बहुतेकांना माहीत नव्हते. ज्याला सुरुवात करणेच जड जाते त्याला कागद देऊन काय होणार? शेजारी उभे राहून कोणीतरी सोबत करावे लागते, तेही ठरलेल्या वेळी. चार वाजता चहाच्या आधी, असे काहीतरी. दुसरी चूक अधिक गंभीर होती. गोळी कधी घेतली हे न विचारता मी एकांना झोपलेल्या स्थितीतून झटकन उभे केले, रक्तदाब उतरून त्यांना भोवळ आली, आणि त्यांचे डोके टेबलाच्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर राहिले. तेव्हापासून मी गोळ्यांच्या वेळा विचारते आणि आधी मिनिटभर बसवते.

दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील हे त्याला आधीच सांगून ठेवा. ज्याच्या मनात संशय लवकर घर करतो, त्याला ते ठणकणे कोणीतरी आपल्याला काहीतरी केल्यासारखे वाटू शकते. आजार बळावण्याची भीती मात्र बाळगू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आजार स्थिर असताना केलेल्या व्यायामाने तो बिघडतो असे माझ्या पाहण्यात नाही. उलट २०१८ साली ३३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ताकदीच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणे कमी होतात असे दिसले.

आहारात प्रथिनांकडे पाहा. भारतीय शिफारस किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅमची आहे, म्हणजे तुमच्या भावासाठी साधारण ६५ ग्रॅम. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, आणि पातळ वरणाच्या वाटीतून आपण समजतो त्यापेक्षा बरेच कमी. सकाळच्या बिस्किटांऐवजी दोन अंडी किंवा मुगाचे धिरडे आणि दूध, एवढा बदल आधी करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नका.

त्याला अंगाची थरथर कमी करण्यासाठी ट्रायहेक्सीफेनिडिल दिले असेल तर घाम कमी येतो, तेव्हा उन्हाळ्यात भर दुपारी व्यायाम नको. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचे रुग्ण लिथियमवर (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध) असतील, तर घाम गाळून पाणी कमी पडल्यास रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. अंग दुखले म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक परस्पर दिल्यानेही तेच होते. मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्याला ताप, लाकडासारखे ताठ अंग आणि भ्रमिष्टपणा एकत्र दिसला, तर व्यायामाचा शीण समजून वाट पाहू नका, त्याच घटकेला रुग्णालयात न्या.

डंबेलचे म्हणाल तर पहिले दोन-तीन महिने त्यांची गरजच पडणार नाही. पुढे आणलेत, आणि पूर्वी कधी त्याने स्वतःला किंवा इतरांना इजा केली असेल, तर रबरी पट्ट्यासह सगळे साहित्य तुमच्या कपाटात ठेवा आणि चार वाजता तुम्हीच बाहेर काढा. तसेही त्या वेळी तुम्ही त्याच्या शेजारी असणारच आहात.