गुहागरला गरवायचं तर वसुबारसेला पोचा

दिवाळीत सासुरवाडीला गुहागरला जाताय, लक्ष्मीपूजन ते भाऊबीज मुक्काम आहे, त्यात एक संध्याकाळ एकट्यानं किनाऱ्यावरून गरवायचंय, म्हणजे गळानं मासे धरायचेत. रॉड किती फुटी घेऊ आणि गळ किती लांब फेकू, असं विचारलंयत. मीही बडोद्याचाच, दांडिया बाजारातला. रॉडचं नंतर बघू, आधी तिकिटाची तारीख बदलता येते का बघा.

आपल्याला भरती माहीत असते ती खंभातच्या आखातावरच्या कंबोईच्या स्तंभेश्वर मंदिराची. तिथला चिखल आणि ते दांडगं पाणी कोकणच्या हिशोबात आणू नका. कोकणात जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी तळाला. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघताना भरतीचं कोष्टक बघाच. पण सुट्टी ठरवायला आडाखा पुरतो.

आता तुमच्या तारखांना लावून बघा. लक्ष्मीपूजनाला सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी तळाला. भाऊबीजेला भरती दुपारी दीडला, म्हणजे काळोख पडेपर्यंत पाणी उतरतच राहणार. वसुबारसेला, म्हणजे वद्य द्वादशीला, मात्र पाणी दुपारी तीनच्या आसपास चढायला लागतं ते रात्री नऊपर्यंत, आणि ऐन तिन्हीसांजेला भरती जोरात असते. लाटा वाळू उकरून तिसऱ्या-किडे बाहेर काढतात आणि मासा त्यामागे किनाऱ्याला येतो. तीन-चार दिवस आधी पोचलात तर ही संध्याकाळ मिळेल. नाहीच जमलं तर पाडव्याला सातनंतर बसा, पाणी वळल्यावर.

लांब फेकायचा सोस सोडा. मी पहिली दोन वर्षं खांदा दुखेस्तोवर फेकत होतो आणि मासे माझ्या गळाला बांधलेल्या शिशाच्या वजनाच्या अलीकडे चरत होते. दुपारी ओहोटीला जाऊन किनारा नुसता बघून या. लाट पांढरी फुटते तिथे वाळूचा बांध असतो. बांध आणि किनारा यांच्यामध्ये गडद पाणी दिसतं, तो चर. आमिष त्या चरात पडलं पाहिजे, मग ते तीस पावलांवर का असेना. बांधाला जिथे खिंड असते, लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत वाटतं, तिथे मासा असतो खरा, पण तिथूनच पाणी आत ओढतं. तिथे पाय घालायचा नाही. एकटे असताना गुडघ्याच्या वर पाणी नकोच.

रॉड दहा-बारा फुटी, तंगूस (नायलॉनची दोरी) ०.३५ मिलिमीटर, शिसं ८०-१०० ग्रॅमचं आणि चौकोनी. गोल शिसं लाटेबरोबर गडगडत जातं. रॉड खोचायला पीव्हीसी पाइपचा तुकडा न्या, वाळूत आडवा टाकलेला रॉड रीलमधल्या वाळूनं मरतो. गरी (गळाचा आकडा) लहान ठेवा, कारण मिळणार ती बहुतेक रेणवी (काही जण मुडदुशी म्हणतात) आणि तिचं तोंड बारीक. कोळंबी तिथल्याच बाजारातली ताजी, सोलून. आणि दोरी एकदम सैल पडली तरी ओढा. मासा आमिष घेऊन तुमच्याकडेच येत असतो.

शिंगटी या काटेरी माशाला मात्र जपा. अंधारात, बॅटरी तोंडात धरून मी एकदा तिला गरीवरून सोडवत होतो, पाठीवरचा काटा तळव्यात गेला. कोपरापर्यंत ठणका, आणि हाकेला माणूस नाही. मुक्कामी पोचल्यावर शेजारच्या आजोबांनी सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला; अर्ध्या-पाऊण तासानं जरा कळ उतरली. काटा आत मोडला किंवा सूज वाढली तर डॉक्टर गाठायचाच. तेव्हापासून डोक्याला लावायची बॅटरी आणि लांब पक्कड घेतल्याशिवाय मी निघत नाही, आणि घरी सांगून ठेवतो, "साडेनऊला आलो नाही तर माणूस पाठवा." केंड मासा लागला, फुगून गोळा झालेला, तर परत पाण्यात. तो विषारी, खायचा नाही.

आणि हो, सासुरवाडीच्या स्वयंपाकघरात मासे चालतात ना? मी पहिल्यांदा सात रेणव्या घेऊन ऐटीत मुक्कामी आलो, तर यजमानीणबाईंनी पिशवी अंगणाबाहेरच ठेवायला सांगितली. शेवटी शेजारच्या रिक्षावाल्याच्या घरी तळल्या गेल्या. दोन त्यानं मला वाढल्या.