अमेरिकी नौदलाच्या झुमवॉल्ट विनाशिकेवर 78 मेगावॅट वीज असताना रेलगन (दारूऐवजी विजेच्या जोरावर दोन रुळांमधून गोळा फेकणारी तोफ) का बसवली नाही? आणखी एक जनरेटर टाकून भागलं नसतं का?

नसतं. "आणखी एक जनरेटर टाका" हे मी व्यापारी जहाजांवर वीस वर्षं ऐकलंय, म्हणून लिहितोय.

32 मेगाज्यूलचा एक बार म्हणजे जेमतेम 9 युनिट वीज. पण ती सुमारे 10 मिलिसेकंदांत सोडायची, म्हणजे त्या क्षणापुरते 3,200 मेगावॅट. आपलं अख्खं कोयना 1,960 चं. हा झटका कपॅसिटर बँकच (वीज साठवून एकदम सोडणारा संच) देणार, आणि बरीच ऊर्जा उष्णतेत जात असल्यामुळे साठवायची जवळपास तिप्पट. मिनिटाला 10 बार काढायचे तर दर 6 सेकंदांनी बँक भरायची. म्हणजे 16 मेगावॅटचा भार चढतो, उतरतो, परत चढतो. रडार त्याच विजेवर चालतं. गोम इथे आहे.

जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसरला बत्तीसाब म्हणतात. मी तोच. एकदा बंदरात शिरताना तीनपैकी एक जनरेटर उघडून ठेवलेला होता. दोनच चालू असले की इंटरलॉक, म्हणजे सुरक्षेचं कुलूप, बो थ्रस्टर (जहाजाचं नाक बाजूला ढकलणारा पंखा) सुरू होऊ देत नाही. चीफ इंजिनिअर म्हणाले, जंपर मार, म्हणजे तार जोडून इंटरलॉक टाळ. मी नाही म्हणालो, त्यांनी दुसऱ्याकडून मारून घेतला. पायलट ब्रिजवर, थ्रस्टर चालू केला, आणि जनरेटरचा आवाज घोगरा होत खाली बसला. फ्रीक्वेन्सीचा काटा 60 हर्ट्झवरून 55 कडे, मग ब्रेकर एकामागून एक खाडखाड पडले आणि सगळं शांत. इंजिन रूममध्ये शांतता म्हणजे काय ते तिथे उभं राहिलेल्यालाच कळतं. इमर्जन्सी जनरेटर आला, टगने जहाज धरलं, कोणाला लागलं नाही. अहवालात मात्र 'विद्युत विभागाची चूक'.

तेव्हा किती मेगावॅट आहेत हे विचारूच नका. भार किती वेगात चढतो आणि मधे साठवण काय आहे, ते विचारा. अमेरिकेच्या फोर्ड विमानवाहू जहाजाचा विद्युतचुंबकीय कॅटापल्ट (विमान डेकवरून झटक्यात उडवणारी यंत्रणा) चालतो तो याचमुळे. त्याची ऊर्जा आधी फिरत्या रोटरमध्ये साठवलेली असते. हे नकाशावर पहिल्या दिवशी आखायला हवं, आणि तेव्हा बत्तीवाल्याला खोलीत बसवायला हवं. पाइप, केबिन सगळं ठरल्यावर त्याला बोलावतात आणि उरलेला कोपरा दाखवतात.

फक्त विजेमुळे अडलं असंही नाही. नळीचे रूळ झिजत होते, पैसा क्षेपणास्त्रांकडे वळला, आणि 2021 मध्ये अमेरिकेने हे काम थांबवलं. जपानने 2023 मध्ये जहाजावरून रेलगन डागून दाखवली, पण ती 40 मिलिमीटरची, बरीच लहान. युद्धनौकेवर मी स्वतः काम केलेलं नाही, हेही सांगतो.

तो जंपर मी मारला नव्हता.