टेबलाला गेलेली चीर

सुतारकाम घरच्या घरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मागच्या ऑगस्टमध्ये मुलीच्या अभ्यासासाठी स्वतः टेबल केलं. वखारीतून सागाच्या सहा इंच रुंदीच्या चार फळ्या आणल्या, फेविकॉलनं कडेला कड जोडून दोन फूट रुंद, चार फूट लांब तक्ता केला. वाकू नये म्हणून खालून तीन आडव्या पट्ट्या फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही लावून पक्क्या बसवल्या. वरून पॉलिश केलं. मार्चअखेर दुसऱ्या फळीला मधोमध चीर गेली, आता त्यात पोस्टकार्ड जातं. शिवाय टेबल डुगडुगतं म्हणून एकेक पाय कापत गेले, तर ३० इंचांचं टेबल साडेअठ्ठावीसवर आलं आणि डुगडुग आहेच. घरचे म्हणतात, भंगारात दे, तयार घेऊ. माझं काय चुकलं? हे वाचेल का?
– एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : ताई, टेबल देऊ नका. तुमच्या पत्रात एक वाक्य फार मोलाचं आहे. चीर फळीला गेली, जोडाला नाही. म्हणजे तुम्ही कडा सरळ रंधल्या, दाब नीट दिलात आणि फेविकॉल पुरतं वाळू दिलंत. पहिल्याच कामात असा जोड जमणं सोपं नाही. चूक झाली ती तक्त्याच्या खाली, त्या तीन पट्ट्यांत.

मी सातपूरच्या एका कारखान्यात पॅटर्न शॉपला होतो. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचं काम. ओतीव लोखंड निवताना फुटाला साधारण एक अष्टमांश इंच आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीच तेवढी वाढीव आखलेली असायची. आकसणं हा माझा रोजचा विषय. तरीही १९९१ साली घरच्या देवघराचं दार केलं तेव्हा दीड फूट रुंद फळी चौकटीच्या खाचेत चारी बाजूंनी फेविकॉल भरून बसवली. पुढच्या वैशाखात रात्री फटाका वाजावा तसा आवाज झाला. आई उठून बसली. दिवा लावून पाहतो तर वरपासून खालपर्यंत चीर. सकाळी गल्लीतले म्हातारे सुतारकाका आले, त्यांनी चिरेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि एवढंच विचारलं, “कोणत्या महिन्यात चिकटवलीस?” मी म्हटलं, आषाढात. “मग तिला वैशाखात जायला जागा कुठं ठेवलीस?” त्या प्रश्नानं मला जे शिकवलं, तेच तुम्हाला सांगतो.

लाकूड वाळून फर्निचर झालं तरी हवेतली ओल घेतं आणि सोडतं. श्रावणात फुगतं, चैत्र-वैशाखात आकसतं. पण सगळीकडून सारखं नाही. शिरा ज्या दिशेनं धावतात त्या लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, जो पडतो तो रुंदीत. साग यात बराच शहाणा, तरी दोन फूट रुंदीचा तक्ता नाशिकच्या पावसाळ्यातून उन्हाळ्यात येताना चार-पाच मिलिमीटर सहज अरुंद होतो. तुमच्या आडव्या पट्ट्यांच्या शिरा मात्र तक्त्याच्या रुंदीच्या दिशेनं आहेत, त्या हलणार नाहीत. तक्ता आत यायला बघतोय, पट्ट्यांनी कडा धरून ठेवल्यात, मग सगळ्यात कमकुवत जागी फळी फाटते. जुन्या नाशकातल्या वाड्यांची दारं जवळून बघा. चौकटीच्या खाचेत फळी सैल बसवलेली असते, तिला कुणी डकवत नाही. दार रंगवलेलं असेल तर उन्हाळ्यात फळीच्या कडेला रंग न लागलेली बारीक रेघ उघडी पडते, ती त्या फळीची ये-जा.

आता दुरुस्ती. चिरेत लांबी (पुट्टी) किंवा भुसा-फेविकॉल भरू नका. जुलैत तक्ता फुगेल, भरलेला माल दाटेल आणि फळी दुसरीकडे फुटेल. आधी स्क्रू काढा. पट्टीवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री धरा. पांढरं फेविकॉल उष्णतेनं आणि ओलीनं मऊ पडतं. मग पातळ पाती सारत पट्टी सोडवा. न सुटल्यास पटाशीनं छिलून काढा, पट्टी नवी मिळेल, तक्ता महत्त्वाचा. चार दिवस तसाच वाळू द्या.

मग चिरेवरून सरळ करवत घालून तक्त्याचे दोन तुकडे करा. हात थरथरेल, पण करा. दोन्ही तुकडे पुस्तक मिटावं तसे तोंडाला तोंड लावून क्लॅम्पमध्ये धरा आणि कापलेल्या दोन्ही कडांवर एकदमच रंधा चालवा. रंधा थोडा तिरका झाला तरी एका कडेचा तिरकेपणा दुसरीच्या उलट पडतो, आणि पुस्तक उघडलं की कडा बिनफट बसतात. सागात सिलिका असते, रंध्याचं पातं लवकर बोथट होतं, म्हणून मध्येच धार लावा. पुन्हा जोडा. रुंदी अर्धा-पाऊण इंच कमी होईल, तेवढी सोसा.

पट्ट्या परत लावताना फेविकॉलचा थेंबही नको. पट्टीला मधलं भोक गोल, बाकीची पट्टीच्या लांबीत लांबट पाडा, दोन भोकं शेजारी-शेजारी ड्रिल करून मधलं लाकूड कोरून काढा. वॉशर घालून स्क्रू सरकू शकेल इतपतच आवळा. हे काम तुम्ही उन्हाळ्यात करणार, तेव्हा तक्ता सगळ्यात अरुंद असेल. म्हणून स्क्रू लांबट भोकाच्या आतल्या, म्हणजे मध्याकडच्या टोकाला ठेवा. पावसाळ्यात तक्ता बाहेर सरकेल तेव्हा त्यांना वाट मिळेल. आठ नंबरच्या स्क्रूला तक्त्यात आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडा आणि आट्यांना साबण चोळा. आणि पॉलिश खालूनही करा. एकाच अंगाला पॉलिश असलं की दुसरं अंग ओल जास्त पिऊन तक्ता बाक घेतो.

पायांची गोष्ट वेगळी. टेबल आधी काटकोनात फिरवून बघा, डुगडुग त्याच पायांशी राहिली तर दोष टेबलाचा, गेली किंवा दुसऱ्या पायांशी आली तर लादीचा. दोष टेबलाचा निघाला तर सपाट जाड प्लायवर ठेवून आखूड पायांखाली पाचरी सारा, टेबल स्थिर झालं पाहिजे. मग सगळ्यात मोठ्या फटीपेक्षा किंचित जाड लाकडी ठोकळा घ्या, त्यावर पेन्सिल आडवी टेकवा आणि ठोकळा प्लायवर फिरवत चारही पायांना चहूबाजूंनी रेघ ओढा. त्या रेघेवर चारही पाय कापा. एक पाय बघून दुसरा कापत गेलं की माप कधीच सापडत नाही, कारण प्रत्येक वेळी आपण बदललेल्या पायाला आधार धरतो. उंची अठ्ठावीसच्या आसपास येईल, मुलीला बसवून बघा. कमी वाटल्यास पायांखाली सागाचे तुकडे लावता येतात.

तक्त्याच्या खालच्या अंगाला पेन्सिलनं महिना लिहून ठेवा. मी १९९१ नंतर केलेल्या प्रत्येक वस्तूवर लिहिला आहे.

प्रश्न : प्लायवूड कापताना कडेचे पापुद्रे उडतात. काय करू?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : कापायच्या रेघेवर पट्टी धरून धारदार कटरनं दोन-तीन वेळा खोल ओरखडा काढा, म्हणजे वरचा पापुद्रा आधीच तुटलेला असेल. हातकरवत असेल तर चांगली बाजू वर ठेवा. हातात धरायची गोल पात्याची मशीन असेल तर चांगली बाजू खाली, कारण तिचे दात खालून वर येतात आणि पापुद्रा वरच्या अंगाला उचलतात.