सोलापुरात बाहेरगावाहून शिकायला येतोय. विद्यापीठात प्रवेश घ्यावा की शहरातल्या कॉलेजात?

आधी अंतर बघा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ 2004 साली सुरू झालं, पण ते केगावला, पुणे रस्त्यावर, गावाबाहेर आहे. दयानंद (भवानी पेठ), संगमेश्वर (सात रस्ता), वालचंद (अशोक चौक) ही कॉलेजं मात्र भर वस्तीत. तुम्हाला हवा तो विषय दोन्हीकडे असेल, तर मी गावातलंच कॉलेज सुचवेन. तास संपला की झेरॉक्स, पुस्तकं, मेस, दवाखाना सगळं हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी पार्क चौकात मित्र भेटतात, सिद्धेश्वर तलावाकाठी चक्कर होते, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, म्हणजे गड्ड्याला तर चालतच जाता येतं. केगावला शांतता आहे, मोकळी जागा आहे. संशोधन करणाऱ्याला ते बरं.

खोली घेताना मात्र भाड्याआधी पाण्याचं विचारा! इथे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. टाकी किती मोठी, बोअर आहे का, वापराचं पाणी कुणी भरायचं, हे घरमालकाकडून स्पष्ट करून घ्या. पत्र्याची खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि परीक्षा नेमक्या तेव्हाच असतात. अशा वेळी दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात बसा.

जेवणाची काळजी नको. मेस आवडली नाही तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खोलीवर ठेवा, दोन्ही बरेच दिवस टिकतात.