बंद पडलेला चर्चाकट्टा

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयातला शनिवारचा चर्चाकट्टा दोन वर्षांपासून बंद आहे. फलकावर सूचना लावली, तरी कोणी फिरकत नाही. काय करावं? – एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, फलकाच्या भरवशावर राहू नका. जुन्या नोंदवहीतून नेमाने येणाऱ्या चार-पाच जणांची नावं काढा आणि प्रत्येकाला स्वतः फोन करा. नुसतं 'या' म्हणू नका, काम सांगा : 'सर, विषय तुम्ही मांडायचा, दहाच मिनिटं.' विषयही वाद होईल असाच घ्या. उसाला ठिबक सक्तीचं करावं का? बघा, मागच्या बाकावरचाही बोलेल. 'वाचनाचे महत्त्व' यावर सगळे माना डोलावतात आणि घरी जातात, हे मी फार पाहिलंय.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ठरलेल्या ऋतूत भरते, म्हणून लोक तिची वाट पाहतात. तुम्हीही वार-वेळ बदलू नका. तिघंच आले तरी साडेपाचला सुरू करा. खुर्च्या मात्र गोलात आणि मोजक्याच मांडा; रिकाम्या रांगांपुढे बोलणाऱ्याचा धीर सुटतो. अध्यक्ष, हार-नारळ अजिबात नको. पुढचा विषय आणि तो कोण मांडणार, हे मंडळी उठण्याआधीच वहीत लिहून घ्या.