ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरला मराठीत काय म्हणावं?

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय: भाचीला पाश्चात्त्य संगीतात कंडक्टर व्हायचंय. घरात सांगितलं तर आजी म्हणाल्या, "एसटीत भरती निघाली का?" या कामाला मराठीत धड शब्द नाही का?

शब्द पुष्कळ आहेत, पण एकेकाला आधीच दुसरं काम लागलंय. 'वाहक' एसटीनं घेतला. 'संगीत दिग्दर्शक' म्हटलं की सिनेमाच्या चाली बांधणारा समोर येतो. 'संगीत संयोजक' कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते लिहून देतो. 'संचालक' म्हणावं तर आपल्या मराठवाड्यात साखर कारखाना आठवतो, आणि 'संचालन' हे तर माइक धरून निवेदन करणाऱ्याचं: 'संचालन अमुक यांनी केले, आभार तमुक यांनी मानले.'

म्हणून आधी काम बघू. समोर ऐंशी-शंभर वादक. प्रत्येकापुढं फक्त आपापल्या वाद्याची ओळ. सगळ्या ओळी एकाखाली एक मांडलेली वही एकट्या कंडक्टरपुढं. ती वाचून अख्खा वाद्यमेळ मनात ऐकू यायला हवा. त्यासाठी आधी एखादं वाद्य, मग स्वरमेळाचं शास्त्र, मग हाताच्या खुणा, अशी वर्षानुवर्षांची तालीम असते. मुंबईचे जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता 1954 साली व्हिएन्नाला गेले, तिथं हान्स स्वारोव्स्कींकडं शिकले. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून बघता याव्यात म्हणून ते चक्क गायकवृंदात उभे राहून गायले! 1958 मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, तेव्हा मिळालं ते सहायकाचं पद. भाचीला हे जरूर सांगा.

आजींना समजावायला मात्र चोपदाराचं उदाहरण बरं. वारीत समाजआरतीच्या वेळी चोपदारानं दंड उंचावला की टाळ-मृदंग थांबतात. कंडक्टरची छडीही पूर्वी दंडच होती. फ्रान्सचा संगीतकार लुली असाच दंड जमिनीवर आपटून ताल देत होता. एकदा तो दंड त्याच्याच पायावर बसला, जखम चिघळली आणि 1687 मध्ये तो त्यातच गेला. फरक एवढाच की चोपदाराच्या दंडानं वाद्यं थांबतात, कंडक्टरच्या छडीनं ती सुरू होतात आणि शेवटपर्यंत एकत्र राहतात.

माझं मत असं: लिहिताना 'वाद्यवृंद संचालक' लिहावं, 'वाद्यवृंद' गाळू नये. बोलताना 'ऑर्केस्ट्राची कंडक्टर' म्हणायला हरकत नाही. आमच्याकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतला सिनेगीतांचा कार्यक्रम. तेव्हा पहिल्यांदा सांगताना 'पाश्चात्त्य' जोडावं.

क्रियापदाला मात्र उसनवारी नको. सिंफनी म्हणजे अशा वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना. 'सिंफनी कंडक्ट केली' किंवा 'संचालित केली' कशाला? 'सिंफनी वाजवून घेतली' म्हणा. स्वतः एकही सूर न काढता शंभर जणांकडून काढून घेणं, हे सगळं त्या 'घेतली'त आलं.